हललेल्या डोक्यांची यादी

उदगीरच्या एसटी स्टँडवर अण्णांनी माझी बॅग गाडीत चढवली आणि मग सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर वीत टाकली. एक वीत, दुसरी वीत, वर चार बोटं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिंपी. गावातल्या प्रत्येकाचं माप त्यांच्या डोक्यात असायचं, वही त्यांनी कधी ठेवली नाही. "पोटाला खात जा," ते म्हणाले. "पुढच्या टायमाला माप बदललेलं पाहिजे." कॉलेजातली दोन पोरं बघत होती. मला लाज वाटली. मी खांदा झटकला आणि खिडकीशी जाऊन बसलो. आमचा निरोप एवढाच झाला.

हे मी गावाकडच्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे निघून इकडे आले त्यांच्यासाठीही. माफी मागायची आहे, पण ती अण्णांची. बाकी कुणापुढे मान खाली घालायचा माझा विचार नाही.

काळेवाडीत एका खोलीत आम्ही सहा जण होतो आणि कॉट तीन. एक जण शिफ्टवरून आला की दुसरा उठायचा, गादी गारच होत नसे. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला लागलो. गेज लावायचं, पार्ट मापात बसला तर हिरव्या क्रेटमध्ये, नाही तर लाल. सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "भावा, डाऊट आला की लाल. विचार करत बसायचं नाही." मी ते मनापासून शिकलो. पुढे माणसांऐवजी कॅमेरे पार्ट तपासायला लागले, तेव्हा मी कॅमेऱ्याच्या मागचा कॉम्प्युटर शिकलो. रविवारचे क्लास केले, परीक्षा दिल्या, आणि चाळिशी जवळ आल्यावर माणमधल्या एका कंपनीत आलो. पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला.

या कंपनीत आम्ही मेंदूचे स्कॅन मोजतो. विसरण्याच्या आजारावर संशोधन करणारे डॉक्टर रुग्णांचे पेट स्कॅन काढतात. शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात आणि मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतोय ते त्यावरून दिसतं. आजारात काही भाग मंदावतात. किती मंदावले ते आकड्यात सांगणारं सॉफ्टवेअर आमचं. अडचण एकच. वीस मिनिटं डोकं न हलवता पडून राहावं लागतं. डोकं हललं की चित्र पुसट होतं.

मी तिथे लागल्यावर पहिलं मोठं काम केलं ते एक नियम लिहिण्याचं. डोकं ठरावीक मिलिमीटरच्या वर हललं, तर तो स्कॅन संशोधनातून बाहेर. डाऊट आला की लाल. सगळ्यांना आवडला. आलेख सुंदर दिसायला लागले.

त्याच सुमारास अण्णांनी दिवाळीला माझ्यासाठी शर्ट शिवून पाठवला. तो माझ्या कोपराच्या वर अडकला. मी दहावीत असतानाचं माप होतं ते. मी फोन केला आणि हसलो नाही, ओरडलो. "अण्णा, जमत नसेल तर शिवत जाऊ नका, कापड वाया घालवता." ते म्हणाले, "बरं." मेंदूच्या आजारावर पोट भरणारा माणूस मी. मला तो शर्ट म्हणजे म्हाताऱ्याचा हट्ट वाटला.

दोन वर्षांनी धाकट्या भावाचा, दत्ताचा, फोन आला. अण्णा बाजारात हरवले होते, तेही स्वतःच्या दुकानासमोर. मी गावी गेलो. ओसरीवर चार माणसं बसलेली असताना दत्ता म्हणाला, "दादा, तू लोकांच्या डोक्यात बघत बसायलास तिकडं. बापाच्या डोक्यात काय व्हायलंय ते दिसलं न्हाई व्हय?" कुणी हसलं नाही. अण्णांना घेऊन मी इकडे आलो.

त्यांचाही स्कॅन झाला. तंत्रज्ञ ओळखीचा निघाला म्हणून मला काचेपलीकडे उभं राहू दिलं. त्याने कपाळावर पट्टा लावला आणि सांगितलं, "काका, अजिबात हलायचं नाही हं." अण्णा म्हणाले, "अहो, माप घ्यायला माणूस उभा करावा लागतो. आडवा पाडून माप घ्यायलात?" तंत्रज्ञ हसला, मीही हसलो. मग मशीन सुरू झालं आणि दर दोन-तीन मिनिटांनी पट्ट्याखालून डोकं दाराकडे वळायला लागलं. माइकवर त्यांचा आवाज येत होता. "पोरगं हाय का बाहेर? गेलं का?" मी काचेवर हात आपटत होतो. आत ऐकू जात नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "हालचाल फार आहे, नक्की सांगता येत नाही." चित्रात मेंदूची डावी बाजू काळवंडलेली होती. ती आजाराने की डोकं वळल्यामुळे, हे त्या चित्रावरून कुणालाच कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी पहिल्यांदा माझ्या नियमाने बाहेर काढलेल्या स्कॅनची यादी उघडली. शेजारी त्या माणसांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या लावल्या. आत राहिलेले त्यातल्या त्यात बरे होते, बाहेर गेलेले जास्त आजारी. जे दाराकडे बघत होते, ज्यांना आपण कुठे आहोत ते कळत नव्हतं, त्यांनाच मी लाल क्रेटमध्ये टाकलं होतं. उरलेल्यांवरून आम्ही जगाला सांगत होतो की आजार असा असतो. अण्णा त्या संशोधनात नव्हते. असते तर मीच त्यांना हाकललं असतं.

आमची प्रोजेक्ट हेड मृणाल माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हुशार मुलगी. मी म्हणालो, हे स्कॅन संशोधनात परत घ्यायचे.

"सर, डेटा क्लीन पाहिजे. क्लायंट विचारेल, हे का ठेवले?"

"मी विचारतो, हे का काढले?"

"तुमच्या नियमाने काढले, सर."

"म्हणूनच तो मी मोडतोय."

तिने कॅलेंडर उघडलं. "दोन आठवडे. इमोशनल नको, सिद्ध करून दाखवा."

मी सिद्ध करायला बसलो. वीस मिनिटांचा स्कॅन छोट्या तुकड्यांत कापायचा आणि प्रत्येक तुकडा पहिल्यावर नीट बसवायचा. बरोबर जमतंय का ते कळायला न हललेल्या माणसांचे चांगले स्कॅन घेतले, त्यांना मुद्दाम बाहेरच्या यादीतल्या माणसांसारखं हलवून बिघडवलं, आणि दुरुस्तीनंतर मूळ आकडे परत येतात का ते पाहिलं. आले नाहीत. एक बाजू काळीच राहायची. आठवडा गेला. मृणाल म्हणाली, "सर, सोडून देऊया?" मी म्हणालो, नाही.

चूक दुसरीकडे होती. पेटच्या आधी एक सीटी काढतात. कवटीचं हाड कुठे आहे ते त्यावरून कळतं, आणि हाडातून येताना किती किरण अडले त्याची भरपाई केली जाते. डोकं नंतर वळलं की हाड एकीकडे आणि भरपाई भलतीकडे. नुसते तुकडे जुळवून उपयोग नव्हता. आधी प्रत्येक तुकड्याप्रमाणे सीटी वळवायची, मग भरपाई, मग जुळणी. तसं केलं आणि आकडे मूळ आकड्यांच्या अगदी जवळ आले. मृणालने स्वतः तीनदा चालवून पाहिलं. मग क्लायंटला मेल तिनेच लिहिला, आणि तो माझ्यापेक्षा कडक होता.

आता हललेलं डोकं आपोआप बाहेर जात नाही. काही स्कॅन खरोखर वाचत नाहीत. पण ते कुणाचे, किती आजारी माणसाचे, हे अहवालात उघड लिहावं लागतं. गुपचूप कुणी गाळायचं नाही.

अण्णांचा आजार डॉक्टरांनी पुढे स्मरणशक्तीच्या चाचण्यांवरून पक्का केला. या कामाने ते बरे होणार नाहीत. दत्ताने तेही विचारलं, आणि मी सरळ नाही म्हणालो. तरी हे काम मी सोडणार नाही, आणि गाव सोडल्याबद्दल कुणी टोमणा मारला तर ऐकूनही घेणार नाही. मी ओरडलो, उशिरा पाहिलं, हा गुन्हा माझा. निघून आलो हा गुन्हा नव्हे.

अण्णा रोज संध्याकाळी म्हणतात, "चल घरी." दत्ता सांगतो, गावातल्या घरात बसूनही ते हेच म्हणायचे. सोसायटीत ते कुणाच्याही मजल्यावर उतरतात, बेल वाजवतात. परवा सेक्रेटरी आले. "राव, लोकांना भीती वाटते. गावी का नाही पाठवत?"

"ते इथे राहतात," मी म्हणालो. "बेल वाजली की मला फोन करा. मी येऊन घेऊन जाईन."

सेक्रेटरी गेल्यावर मी खालच्या दुकानातून पाटी करून आणली आणि दारावर माझ्या नावाच्या वर अण्णांचं नाव ठोकलं. ते रोज थांबून बोट फिरवत वाचतात आणि मगच आत येतात. डॉक्टर म्हणतात, वाचता येणंही जाईल. जाऊ दे. पाटी काढणार नाही.