कोरड्या खोऱ्यातल्या शिरा

दगडांवर काम करणाऱ्यांकडे किस्से फार साठतात, कारण दगड काही बोलत नाहीत. चार माणसं पत्र्याच्या शेडमध्ये रोज दहा तास दगड मोजत बसली, की आठवड्याभरात दगडांबद्दलचं बोलणं संपून जातं. मग माणसं एकमेकांबद्दल बोलायला लागतात. तेही संपलं की गेलेल्यांबद्दल. माझ्या फील्डबुकात उजव्या पानांवर शिरांची मापं आहेत आणि डाव्या पानांवर हे सगळं. व्हँकुव्हरच्या ऑफिसात उजवी पानं तेवढी स्कॅन होऊन गेली. डावी तुम्हाला सांगते.

*

ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिणेला, डोंगररांगांच्या मागे, पाऊस पोचतच नाही असं एक खोरं आहे. निवडुंग, करडी झुडपं, रॅटलस्नेक. शंभर वर्षांपूर्वी तिथे सोन्याच्या खाणी होत्या. त्या बंद पडल्या, गाव निम्मं झालं. आता व्हँकुव्हरच्या एका छोट्या कंपनीला ड्रिल मारून बघायचं होतं की खाली काही उरलंय का. मी नागपूरची, जिऑलॉजीत एम.एस्सी., कॅनडात येऊन चार वर्षं झालेली. त्यातली तीन ऑफिसात नकाशे रंगवण्यात गेली. ही माझी पहिली फील्डची नोकरी.

जूनमध्ये पोचल्यावर आईला फोन केला. तिने विचारलं, बर्फ वितळला का, स्वेटर नेलाय ना. मी सांगितलं, आई, इथे बेचाळीस आहे, सावली शोधावी लागते आणि बुटात पाय घालायच्या आधी बूट झटकावे लागतात.

आई म्हणाली, "मग नागपूर काय वाईट होतं?"



*

माझे साहेब होते बोधनकर सर. मूळ अमरावतीचे, पन्नास वर्षांपूर्वी कॅनडात आलेले. तरुणपणी याच खोऱ्यात दुसऱ्या एका कंपनीसाठी त्यांनी काम केलं होतं. रिटायर होऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, ओकव्हिलला राहायचे. काकू गेल्यावर त्या मोठ्या घरात करमेना, म्हणून पंच्याहत्तरी उलटल्यावर कन्सल्टंट म्हणून परत आले. रोज इस्त्रीचा शर्ट, त्यावर सेफ्टीचं नारिंगी जाकीट.

ड्रिलमधून दगडाचा मनगटाएवढा जाड, लांब दांडा बाहेर येतो. त्याला कोअर म्हणतात. सर कोअर हातात घ्यायचे, ओल्या बोटाने पुसायचे, कधी जिभेला लावायचे आणि मला विचारायचे, "सांग, काय पाहून राहिली तू?" मी सांगायचे. मग ते समजावायचे.

"सोनं दगडात नसतं, भेगेत असतं. डोंगर तडकतो, खालून कढत पाणी वर येतं, गारगोटी मागे ठेवून जातं. भेग बुजते, तीच शीर. डोंगर पुन्हा तडकतो. असं शंभरदा होतं, तेव्हा कुठे एकदा सोनं येतं."

एकदा धीर करून विचारलं, सर, तुम्ही आजवर किती खाणी शोधल्या?

"एकही नाही," ते म्हणाले. "पण सोनं कुठे नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल."

*

ड्रिल चालवायचा ग्लेन. पन्नाशीचा, तिथलाच. दिवसाला मोजून वीस शब्द बोलायचा.

जुन्या खाणीचा एक नकाशा आमच्याकडे होता. त्यात मुख्य बोगदा शिरेबरोबर सरळ जातो आणि एका ठिकाणी शीर एकदम तुटते. तिथे डोंगराचा अख्खा तुकडा सरकलेला आहे. शीर संपलेली नसते, बाजूला गेलेली असते. प्रश्न एवढाच, की कुठल्या बाजूला. त्या काळच्या लोकांनी डावीकडे शोधली. तीन वर्षं ते डावीकडे खणत गेले. नकाशावर त्या डाव्या बोगद्याच्या टोकाला शाईने काढलेले दोन छोटे क्रॉस होते. ग्लेनने बोट ठेवून सांगितलं, सुरुंग उशिरा उडाला. दोघं भाऊ होते.

सरांनी उजवीकडे ड्रिल मारायला सांगितलं. तुटलेल्या जागेपासून चार मीटरवर शीर मिळाली. पांढरीशुभ्र, हातभर रुंद.

ग्लेनने मशीन बंद केलं, हेल्मेट काढून गुडघ्यावर ठेवलं आणि बसून राहिला. मी विचारलं, त्यांना कळलं कसं नाही? सर म्हणाले की सरकलेल्या खडकावर ओरखडे असतात, त्यावरून दिशा समजते. ओरखडे तिथे असणारच. पण मेणबत्तीच्या उजेडात वाचणार कोण?

त्या दिवशीच्या नोंदीत शेऱ्याच्या रकान्यात सरांनी एकच शब्द लिहिला. "उजवीकडे."

*

एकदा मी हातोडीने कोअर फोडत होते आणि शेडमध्ये लसणाच्या फोडणीचा वास आला. दोन महिने मी बीन्सचे डबे आणि ब्रेड खात होते. डोळे मिटले, तुकडा नाकाशी नेला आणि चांगला लांब श्वास घेतला.

सरांनी खांदा धरून मागे ओढलं. "सोमल आहे तो," ते म्हणाले.

सोन्याच्या सोबतीने जे करडं खनिज येतं त्यात आर्सेनिक असतं, म्हणजे आपला सोमल. हातोडी बसली की हाच वास सुटतो. पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात घराची आठवण येईल असं लिहिलेलं नव्हतं.

लोर्ना हे बघत होती. ती कोअर करवतीने कापायची आणि पेट्यांवर नंबर घालायची. खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांपैकी, शेजारच्या रिझर्व्हवर, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनीवर, राहणारी. खाणी यायच्या कितीतरी आधीपासून तिची माणसं तिथे आहेत. ती म्हणाली, जुन्या खाणीच्या ढिगाऱ्याखालून एक ओढा येतो. पाणी काचेसारखं. तिच्या आजीने कोणालाही ते पिऊ दिलं नाही. आजीचा धाकटा भाऊ खाणीत कामाला होता, तो प्यायचा. आधी त्याच्या तळहातांना घट्टे पडले, मग घट्ट्यांच्या जखमा झाल्या. चाळिशी त्याने पाहिली नाही.

कंपनीने त्या पाण्याचा नमुना लॅबला पाठवला. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, पिण्यास अयोग्य. मी लोर्नाला विचारलं, आजीला कसं कळलं होतं?

"ती पाण्यातला दगड उलटून बघायची," लोर्ना म्हणाली. "खाली किडे नसले, तर आपणही नाही."

*

ऑगस्टमध्ये वणवा आला. दोन दिवस सूर्य तांबडा दिसत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी फोनवर इव्हॅक्युएशन ऑर्डर आली. वीस मिनिटं मिळाली. मी लॅपटॉप, पासपोर्ट आणि कुकर घेतला. कुकर का, ते विचारू नका. लोर्ना शेजाऱ्यांच्या घोड्यांचं फाटक उघडायला गेली आणि सगळ्यांच्या शेवटी निघाली. सर कोअरच्या जुन्या शेडच्या दारात उभे होते. मी त्यांना हाताला धरून ट्रकमध्ये बसवलं.

आठ दिवसांनी परत जाऊ दिलं. आमची नवी कोअर आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती, ती वाचली. जुनी शेड मात्र गेली. तिच्यात चाळीस वर्षांपूर्वीची कोअर होती, सरांनी तरुणपणी स्वतः मोजून, स्वतः नोंदवून ठेवलेली. दगड जळत नाहीत, तसे ते जळलेही नव्हते. पण लाकडी पेट्या जळल्या, नंबरांच्या चिठ्ठ्या जळल्या आणि राखेत काळवंडलेल्या दगडांचा एक मोठा ढीग उरला. कुठला दगड कुठल्या भोकातला, किती खोलीवरचा, सांगायला काहीच नाही.

व्हँकुव्हरहून मॅनेजरने फोन करून विचारलं की नुकसान किती.

सर म्हणाले, "काहीच हरवलं नाही. फक्त कुठलं काय ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

त्यांनी ढिगातला एक तुकडा उचलला, पुसला, बराच वेळ बोटांनी चाचपला आणि परत ठेवून दिला.

*

वणव्याची बातमी बघून सरांचा मुलगा ओकव्हिलजवळच्या किचनरहून आला. सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. सर त्याच्याशी मराठीत बोलायचे, तो इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायचा आणि दोघांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याला बाबांना घेऊन जायचं होतं. बाबा नाही म्हणाले.

निघताना त्याने मला गाडीपाशी बोलावलं आणि विचारलं की बाबांचं काम कसं चाललंय. मी म्हटलं, उत्तम, मला खूप शिकवतात. प्रत्येक दगड आधी मला वाचायला लावतात.

तो हळू आवाजात म्हणाला, "बाबांना दोन वर्षांपासून समोरचं दिसत नाही. कडेकडेचं तेवढं दिसतं. तुला माहीत नव्हतं?"

मी शेडमध्ये परत गेले. सर कोअरच्या पेटीपाशी बसले होते. पाऊल वाजताच म्हणाले, "ये. सांग, काय पाहून राहिली तू?"

मी सांगायला लागले. त्या दिवसापासून जरा जास्त बारकाईने सांगायला लागले, एवढंच.

*

आता शेवटचा किस्सा.

सप्टेंबरमध्ये आम्ही डोंगराच्या मागच्या अंगाला ड्रिल लावलं. पहिल्याच दिवशी एक म्हातारी बाई काठी टेकत आली. हेझल तिचं नाव, नव्वदीला टेकलेली, गावात एकटीच राहणारी. तिने विचारलं, कुठल्या बाजूला भोक पाडताय? मग तिने सांगितलं की तिचे वडील त्या डोंगरात आहेत.

ती सहा वर्षांची असताना खाणीचं छत कोसळलं. पाच माणसं आत राहिली. कोणालाच काढता आलं नाही, शेवटी खाणीचं तोंड बंद केलं. तिचे वडील छताला लाकडी टेकू लावायचं काम करायचे. छत कोसळलं म्हणजे टेकू कच्चे होते, असं गावाने ठरवलं. उरलेल्या चौघांची मुलं तिच्याच शाळेत होती. तिची आई त्यानंतर कधी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसली नाही. हेझलने लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. हे सगळं तिने रस्ता सांगावा तसं सांगितलं आणि काही मागितलं नाही.

नवव्या दिवशी ड्रिल पोकळीत शिरलं. ड्रिलमध्ये सोडलेलं पाणी परत वर यायचं थांबलं, रॉड एकदम खाली सरकले. ग्लेनने हात वर केला. जुनी खाण लागली होती. त्याने सावकाश पुढे नेलं आणि पुढच्या खेपेला नळीतून दगडाऐवजी लाकूड आलं. ढोपरापर्यंत येईल एवढं, पिवळसर, कोरडं, कालच कापल्यासारखं.

मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, जुनी खाण, लाकूड, असं लिहा, जागा बदला आणि गावात बोलू नका.

सरांनी लाकूड मांडीवर घेतलं. या वेळी त्यांनी मला काय दिसतंय ते विचारलं नाही. अंगठा फिरवत गेले. एका ठिकाणी थांबले, मागे आले, पुन्हा थांबले. तिथे लाकडाचे रेषे आडवे झाले होते. दोन वेगळे तुकडे होते, पण मध्ये नख शिरत नव्हतं.

"ही पाचर आहे," सर म्हणाले. "टेकूवर ठोकलेली पाचर. वरून डोंगराने दाबली तरी हलली नाही." मग त्यांनी ग्लेनला विचारलं की पोकळीच्या वर काय लागलं होतं. ग्लेन म्हणाला, शाबूत दगड. म्हणजे तिथलं छत अजून जागेवर होतं. टेकू उभा होता.

आम्ही तिघं हेझलकडे गेलो. मॅनेजरला कळलं तर माझी नोकरी जाईल, हे मला माहीत होतं. सरांना मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, मला लाकूड सापडलं, तू गाडी चालवलीस. ग्लेनने लाकूड स्वतःच्या स्वच्छ शर्टात गुंडाळलं होतं.

हेझलच्या स्वयंपाकघरात टेबलावर ते ठेवलं. सरांनी तिचा हात धरून अंगठा त्या फटीवर नेला आणि सगळं सांगितलं. बाकीच्या ठिकाणी काय झालं ते सांगता येणार नाही, पण हा टेकू पडलेला नाही. पाचर घट्ट आहे. ज्याने ठोकली त्याला काम येत होतं.

ती बराच वेळ अंगठा फिरवत राहिली. रडली नाही. किती खोलवर मिळालं ते तिने विचारलं, मी सांगितलं. मग तिने विचारलं, "तुम्ही पाडलेलं भोक अजून उघडं आहे?"

मी म्हटलं, हो, सिमेंट भरायचं राहिलंय, सोमवारी भरू.

"आजच भरा," ती म्हणाली. "बाबांना वारा सोसत नाही."