राजाच्या बाजूने लढलेल्यांच्या गावात

टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरात भारतातून कुणी आलं, की त्याला नायगाराला न्यायचं हे ठरलेलंच असतं. माझे बाबा अमरावतीहून तिसऱ्यांदा आमच्याकडे वॉनला आले होते आणि त्यांचा नायगारा चार वेळा पाहून झाला होता. पाचव्यांदा विचारलं तर म्हणाले, "पाणी अजून वरून खालीच पडते ना? मग राहू दे."

त्याच आठवड्यात माझ्या लेकीने, सातवीतल्या सईने, जेवताना सांगितलं की तिला शाळेत लॉयलिस्ट लोकांवर प्रोजेक्ट करायचाय. अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेने इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारलं, तेव्हा तिथलीच काही माणसं राजाच्या बाजूने उभी राहिली. युद्ध हरल्यावर घरदार सोडून ती इकडे कॅनडात आली. ते हे लॉयलिस्ट.

बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे फितूर."

"नो आजोबा! हिअर दे आर लाइक हीरोज," सई म्हणाली.

"इंग्रजांसाठी लढले ते हीरो?" बाबा माझ्याकडे वळले. "काय शिकवून राहिले वो हे शाळेत?"

त्यांचा संताप समजण्यासारखा होता. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, बेचाळीसच्या चळवळीत दीड वर्ष तुरुंगात होते. आमच्याकडे दिवाळीला लक्ष्मीपूजन झालं की दुसरा हार आजोबांच्या फोटोला असतो.

मी मात्र फोनवर शोधायला लागले. जूनमधल्या एका वीकेंडला बे ऑफ क्विंटीच्या काठी, अ‍ॅडॉल्फसटाउनच्या बाजूला, त्या युद्धातल्या लढाईचा देखावा होणार होता. तंबू, बंदुका, तोफ, सगळं. नवरा कामावर ऑन-कॉल होता, त्यामुळे आम्ही तिघंच. बाबा म्हणाले, "चला. पाहू तर खरं, या लोकांना लाज कशी वाटत नाही ते."

शनिवारी साडेसहाला निघालो. तुम्ही जाणार असाल तर यापेक्षा उशीर करू नका. उन्हाळ्यात ४०१ हायवेवर सगळं शहरच कॉटेजला निघालेलं असतं. ऑशवा गेलं की रस्ता मोकळा होतो आणि गाडीत डबे उघडतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी आणि बाबांनी सुटकेसमधून आणलेला चिवडा. सईने पुरीवर केचप घेतला. बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

ट्रेंटनला हायवे सोडा आणि ३३ नंबरचा रस्ता धरा. थोडा लांब पडतो, पण खरी मजा तिथूनच सुरू होते. या रस्त्याचं नावच लॉयलिस्ट पार्कवे. कधी उजवीकडे लेक ओंटारिओ, कधी द्राक्षांचे मळे, कधी घरासमोर टेबल टाकून ठेवलेली अंडी आणि पैसे टाकायला डबा. वेलिंग्टनला थांबलो. तिथल्या बेकरीत बटर टार्ट घेतले, चार-साडेचार डॉलरला एक. आत गुळाच्या पाकासारखं काहीतरी असतं. बाबांनी एक खाल्ला, शुगरची गोळी घेतली आणि दुसरा खाल्ला.

पिक्टनच्या पुढे रस्ता थेट पाण्यात जातो. तिथे ग्लेनोराची फेरीबोट आहे. उन्हाळ्यात दर पंधरा मिनिटांनी सुटते, गाडीसकट पलीकडे नेते आणि पैसे घेत नाही. बाबांनी तीनदा विचारलं, "खरंच फुकट?" फेरीआधी वेळ असेल तर वर टेकडीवरचं तळं बघून या. डोंगराच्या कड्यावर निवांत पसरलेलं तळं, आणि त्याच कड्यावरून खाली पाहिलं तर दुसरं पाणी. दोन मजली इमारतीच्या दोन्ही मजल्यांवर तळी असावीत तसं.

पलीकडे पोचल्यावर दहा मिनिटांत मैदान आलं. गाडी गवतात लावायची. सोबत घडीच्या खुर्च्या, टोपी, पाणी आणि डासांचा स्प्रे हवाच. पांढऱ्या तंबूंच्या रांगा, चुलीवर लोखंडी हंड्या, लोकरीचे लाल कोट घालून घामाघूम झालेली माणसं. एकजण अडीचशे वर्षांपूर्वीच्या पोशाखात पोर्टेबल वॉशरूमच्या रांगेत उभा होता.

दोन वाजता लढाई सुरू झाली. डावीकडे लाल आणि हिरवे कोट, म्हणजे राजाचे. उजवीकडे निळे कोट आणि साधे सदरे, म्हणजे बंडखोर. तोफ उडाली तेव्हा छातीत हादरा बसला आणि मागे एक बाळ रडायला लागलं. लाल कोटवाले पुढे सरकले की सगळं मैदान टाळ्या वाजवायचं. मग बंडखोरांनी एक जोराची फैर झाडली, दोन लाल कोटवाले पडले, आणि सगळीकडे शांतता असताना एकटे आमचे बाबा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले.

"शाब्बास! हाणा!"

"आजोबा, स्टॉप, प्लीज," सई खुर्चीत घसरत म्हणाली.

आमच्यापासून पाच-सहा हातांवर सावलीची जागा बघून मेलेला एक लाल शिपाई होता. त्याने डोळा किलकिला करून बाबांकडे पाहिलं आणि अंगठा दाखवला. बाबा खूश झाले.

लढाई संपल्यावर मेलेले उठून लिंबू सरबत प्यायला गेले आणि आम्ही तंबू बघायला. एका चुलीपाशी सत्तरीच्या पुढची एक बाई सुती टोपी घालून वाटाणे सोलत बसली होती. नाव जोन. बंडखोरांना टाळ्या वाजवणारा माणूस तिने लांबूनच हेरला होता. "तुम्हीच ना ते?" तिने हसत विचारलं. बाबांना इंग्रजी चांगलं येतं, बँकेत आयुष्य गेलंय. त्यांनी आढेवेढे न घेता तिला सांगितलं की माझे वडील इंग्रजांविरुद्ध तुरुंगात गेले होते, आणि राजाची बाजू घेतलेल्यांचा अभिमान कसा बाळगायचा हे मला कळत नाही.

मला वाटलं, झालं आता. पण जोनने त्यांच्याकडे स्टूल सरकवलं.

"माझ्या घराण्यातले दोन भाऊ न्यूयॉर्कच्या बाजूला एकाच शेतावर राहायचे," ती म्हणाली. "युद्ध झालं तेव्हा मोठा राजाकडून लढला, धाकटा बंडखोरांकडून. शेजाऱ्यांनी मोठ्याचं कोठार जाळलं. बायको आणि चार मुलं घेऊन तो इकडे आला. कुऱ्हाड, फावडं आणि थोडं बी मिळालं, बाकी सगळं जंगल. इथल्या पहिल्या वर्षांत दोन मुलं गेली."

"दॅट्स सो सॅड," सई वहीत लिहिता लिहिता म्हणाली. मग शाळेत शिकलेलं तिने विचारलं, "पण जमीन तर इथल्या मूळच्या मिसिसागा लोकांची होती ना?"

"होती," जोन म्हणाली. "आणि राजासाठी लढलेल्या मोहॉक आदिवासींचीही न्यूयॉर्ककडची गावं हातची गेली. तेही इथेच, पश्चिमेला, येऊन राहिले. माझ्या आजीच्या गोष्टीत यातलं काहीच नसायचं. तू मात्र लिही."

"आणि धाकटा भाऊ?" बाबांनी विचारलं.

"तो तिथेच राहिला. दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांची मुलंही बोलली नाहीत, नातवंडंही नाहीत. आमच्या घरी त्या बाजूचं नावसुद्धा घ्यायचे नाहीत." तिने वाटाण्याच्या शेंगेने मैदानाकडे दाखवलं. निळा कोट घातलेला एक ढेरपोट्या माणूस खुर्चीत बसून सँडविच खात होता. "तो डग. धाकट्याच्या घरचा. मी निवृत्त झाल्यावर कागद शोधत शोधत त्याला फोन केला. आता दर उन्हाळ्यात बॉर्डर ओलांडून येतो आणि माझ्यावर गोळ्या झाडतो."

सई आणि मी हसलो. बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "फोनवर पहिल्यांदा काय बोललात?"

जोनने थोडा विचार केला. "आठवत नाही. बहुतेक हवामानाबद्दल."

तिथून किंग्स्टन पाऊण तास. रस्ता पूर्णवेळ पाण्याच्या कडेने जातो. मोटेल दीडशे डॉलरला मिळालं, तेही तीन आठवडे आधी बुक केल्यामुळे. संध्याकाळी सई पाण्यात दगड फेकत होती आणि आम्ही दोघं काठावरच्या बाकावर व्हेजी बर्गर खात बसलो होतो. जूनमध्ये इथे नऊपर्यंत उजेड असतो.

"तुझ्या आजोबांना एक मोठा भाऊ होता," बाबा अचानक म्हणाले.

मी बेचाळीस वर्षांची आहे. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"पोलिसात जमादार होते. इंग्रजांच्या. माझ्या बाबांना पकडायला जी पार्टी आली, तिच्यात होते. बाहेर अंगणात उभे राहिले, आत आले नाही. तेव्हापासून आमच्या आईने शपथ घातली, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही."

"तुम्ही त्यांना पाहिलं होतं?"

"एकदा. मी नऊ-दहा वर्षांचा असीन. परतवाड्याच्या बाजारात आले माझ्यापाशी. म्हातारे झाले होते. डोक्यावर हात ठेवला. कागदात गोडशेव बांधून घेतली आणि माझ्या हातात दिली." बाबा थांबले. "मी ती त्यांच्या समोर मातीत टाकली. आणि घरी येऊन मोठ्या फुशारकीने सांगितलं. आईने जवळ घेतलं मला."

समोर सईचा दगड पाण्यावर तीन टप्पे गेला आणि तिने आमच्याकडे वळून हात उंचावले. बाबांनी हात हलवला.

"त्यांचा मुलगा आहे, वसंता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात कोणीतरी त्याचा नंबर दिला. फोनमध्ये आहे."

"करायचा?"

"आता तिकडे सगळे झोपले असतील," बाबा म्हणाले. मी हिशोब केला. खरंच झोपले असते.

रविवारी सकाळी आठला मोटेलच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, बाबांनी फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेपाच. ऐकू नीट यावं म्हणून स्पीकरवर ठेवला होता. मी आणि सई मागच्या सीटवर श्वास रोखून.

"कोण?" पलीकडून मोठा आवाज आला. ऐकायला कमी येणाऱ्या माणसाचा.

"मी अरुण. धाकट्या घरचा. कॅनडातून बोलून राहिलो."

पलीकडे पंख्याची घरघर चालू होती.

"कॅनडात थंडी असन," पलीकडून आलं.

"नाही. आता उन्हाळा आहे."

"इथे तर लय गरम आहे. पाऊस नाही अजून."

सईने माझा हात घट्ट धरला. ती तोंडावर हात ठेवून हसत होती आणि मला रडू येत होतं.

मग बाबांनी सांगून टाकलं. बाजार, गोडशेव, माती. "मला लहानपणी काही समजत नव्हतं, वसंता. पण नंतर समजत होतं, तरी मी आलो नाही."

"मले माहीत आहे ते," वसंतकाका म्हणाले. "मी बाजूलेच उभा होतो. घरी येऊन बाबा आईले काय म्हणाले सांगू? म्हणे, पोरगं ताठ आहे. माझ्या भावाचं शोभते."

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि गाडीतून उतरले. पुढची दहा मिनिटं मी आजवर न ऐकलेल्या काकांशी बोलले: कोण, कुठे, किती मुलं. बाबा पार्किंगच्या कडेला उभे राहून तळ्याकडे बघत होते.

परतताना सरळ ४०१ धरला, तीन तासांत घरी. वाटेत मोठ्या सर्व्हिस सेंटरला थांबलो तेव्हा सईने विचारलं, "आजोबा, सो आर दे फितूर?" बाबांनी कॉफीचा घोट घेतला. "माझे बाबा बरोबर होते," ते म्हणाले. "त्यात मी बदल करणार नाही. पण दुसऱ्या बाजूलाही आमचाच माणूस होता, हे तू लिही."

सईने ते वाक्य प्रोजेक्टमध्ये जसंच्या तसं घातलं, इंग्रजीत. बाईंनी बाजूला प्रश्नचिन्ह काढलं होतं, पण मार्क चांगले दिले.

तर मंडळी, नायगारा पाहून झाला असेल तर हा दोन दिवसांचा रस्ता जरूर धरा. फेरी चुकवू नका, बटर टार्ट एकच खा. मी मात्र त्या सहलीहून माझ्यासाठी एक आख्खं घर घेऊन आले, ज्याच्या अस्तित्वाची मला कल्पनाच नव्हती. आजोबांच्या फोटोकडे पाहिलं की आता अंगणात उभा राहिलेला जमादारही दिसतो. ते आत का आले नाहीत, हे विचारायला कोणी उरलं नाही.

बाबा जुलैत परत गेले. नागपूरला उतरून अमरावतीला न जाता थेट परतवाड्याला, वसंतकाकांकडे. चार दिवसांनी फोन आला.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"दोन दिवस लय छान गेले," बाबा म्हणाले. "मग इलेक्शनवरून वाजलं आमचं. जेवायलाही वेगवेगळे बसलो." मागून वसंतकाकांचा चढा आवाज ऐकू येत होता. "उद्या निघणार होतो मी. पण भांडण अर्धं राहिलंय. आठ दिवस थांबतो."