आज फक्त नऊ लाथा!

बायकोला नववा महिना लागला, त्या आठवड्यात मी तिला स्वतःच्या पोटाविषयी मत द्यायला बंदी केली होती. (महिला वाचकांनी हातातलं लाटणं कृपया खाली ठेवावं. मला शिक्षा पुढे व्हायचीच आहे.)

गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. भाईंदरजवळच्या पेणकरपाड्यातल्या एका नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो. मी, बायको माधवी आणि माझी आई. समोरच्या दारात ज्योत्स्नाबेन. मी हाटकेशला प्रेशर कुकरच्या शिट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. समोर आलेली शिट्टी पास करायची की परत पाठवायची, एवढं ठरवण्याचा मला पगार मिळायचा. अशा माणसाची सवय घरी आल्यावर सुटत नाही. आईने केलेली पोळीसुद्धा मी उजेडाकडे धरून बघायचो. आई म्हणायची, "नरू, ती खायची आहे, विकायची नाही."

आमच्या शांत संसारात पहिली ठिणगी टाकली ती ज्योत्स्नाबेननी. जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "नरेंद्रभाई, मेरी बहू को तो आखिर के महिने में हर दूसरे दिन मशीन लगाते थे! आपके डॉक्टर कितनी बार लगाते हैं?"

"अजून तरी एकदाही नाही."

"हाय हाय!" एवढंच बोलून त्या भाजी निवडायला निघून गेल्या.

हे 'मशीन' म्हणजे एनएसटी. गरोदर बाईच्या पोटावर दोन पट्टे बांधतात, बाळाचे ठोके खोलीभर ऐकू येतात आणि कागदावर त्यांचा आलेख उमटत जातो. आलेख! तोही कागदावर! आणि तो माझ्या बायकोचा निघत नाही? दुसऱ्याच दिवशी मी माधवीला घेऊन आमच्या डॉक्टरीणबाईंसमोर हजर झालो.

"मॅडम, एनएसटी रोज करायची ना?"

"कशासाठी?"

"बाळ ठीक आहे की नाही ते कळायला."

"ठीक आहे की. आत्ताच ठोके ऐकले मी."

"पण ते आजचं झालं. उद्याचं काय?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, माधवीला शुगर नाही, बीपी नाही. बाळाची वाढ चांगली आहे, तारीख उलटलेली नाही. यातलं काही असतं तर मी स्वतःच बोलावलं असतं. सध्या बाळाच्या हालचालीकडे लक्ष ठेवायचं. नेहमीपेक्षा कमी वाटली तर लगेच यायचं, घड्याळ बघायचं नाही."

डॉक्टरीणबाई हे माधवीला सांगत होत्या. मध्ये बसलो होतो मी. त्यामुळे 'लक्ष ठेवायचं' हे शब्द माधवीपर्यंत पोचायच्या आतच मी झेलले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दोन वर्षांपूर्वी आमचं एक बाळ पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. सकाळी मी नेहमीसारखा डबा घेऊन कामावर गेलो आणि संध्याकाळी परत आलो तर सगळं संपलं होतं. दिवसभर मी शिट्ट्या तपासत बसलो होतो आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. यात कुणाचाच दोष नसतो, असं सगळे सांगत होते. मला ते पटत होतं, पण भीती जात नव्हती. या वेळी काहीही नजरेतून सुटता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

म्हणून मी तक्ता केला. लाथांचा! स्वयंपाकघराच्या दारामागे, कॅलेंडरच्या शेजारी. सकाळची पाळी आईची, दुपारची ज्योत्स्नाबेनची, संध्याकाळची माझी. ज्याची पाळी त्याने माधवीच्या पोटावर हात ठेवून मोजायचं आणि आकडा लिहून सही करायची.

"आणि मी?" माधवीने विचारलं.

"तू आराम कर."

"अहो, पण मला आतून कळतं ना कधी हलतं ते!"

"माधवी, कारखान्यात मशीन चालवणारा स्वतःचा माल स्वतः पास करत नाही. तपासणी तिऱ्हाईताने करायची असते."

"मी मशीन आहे?"

"छे! तू ऑपरेटर आहेस."

यानंतर ती दोन तास माझ्याशी बोलली नाही. (मोजणी फार छान झाली.)

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की माझ्या तपासनिसांची मापं वेगवेगळी आहेत. आईचा हिशेब कडक. पोट डोळ्यांना हललेलं दिसलं तरच लाथ. ज्योत्स्नाबेन बाळाची उचकीसुद्धा धरायच्या. "वो भी तो बिचारा मेहनत कर रहा है!" सगळ्यात मोठे आकडे यायचे माझ्या पाळीत. आईचं म्हणणं पडलं की मी माझ्याच हाताची थरथर मोजतो. मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि तिघांच्या आकड्यांची बेरीज करून रोज आलेख काढायला लागलो. (तीन जणांनी तीन मापांनी घेतलेले आकडे एकत्र मिळवू नयेत, हे कारखान्यात नव्या लोकांना मीच शिकवायचो!) बेरीज पन्नासच्या आसपास राहायची. मी खूश होतो. माधवी मात्र दिवसभर कुणाचा ना कुणाचा हात पोटावर घेऊन बसलेली असायची. कूस बदलायची तरी तिला पाळीवरच्या माणसाला विचारावं लागे.

असे दहा दिवस गेले आणि तो शनिवार उजाडला. आई सकाळीच भाईंदरला कुणाच्या तरी बारशाला गेली, म्हणजे सकाळची पाळी रिकामी. मला कारखान्यात थांबायचं होतं, म्हणजे संध्याकाळचीही रिकामीच. दुपारी चारला माझा फोन वाजला.

"नरेंद्रभाई, आज का टोटल नौ."

"नऊ?"

"हाँ, नौ. वो क्या हुआ, मैं बीच में दाल चढ़ाने गयी थी, फिर मेरी आँख भी..."

पुढचं ऐकायला मी होतोच कुठे? पन्नासवरून नऊ! हातातली शिट्टी तशीच मुठीत धरून मी रस्त्यावर आलो आणि समोर आली त्या रिक्षात घुसलो. काशीमीऱ्याच्या बाजूने ट्रकांची रांग लागलेली. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.

"भाईसाब, तबियत खराब है क्या?"

"मेरा नहीं, बच्चे का!"

त्याने मागे वळून सीट बघितली. "बच्चा किधर है?"

"घर पे है! पेट में है! तुम गाडी चलाव!"

(माझं हिंदी एरवीही बेताचंच. संकटात ते आणखी उघडं पडतं.)

घरी आलो तर माधवी पाय वर घेऊन, लोणचं लावून भाकरी खात बसली होती.

"अहो, आज लवकर कसे?"

"उठ! हळू उठ! नको, बसून राहा! नाही, उठच!"

"पण झालंय काय? ऐका तरी..."

"बोलू नकोस! ताकद वाचव!"

मी आईला फोन करून परस्पर दवाखान्यात यायला सांगितलं. ज्योत्स्नाबेन एका हातात माधवीची पिशवी आणि दुसऱ्या हातात थेपल्यांचा डबा घेऊन आमच्याआधी रिक्षात बसल्या होत्या. "होस्पिटल में भूख लगती है," त्या म्हणाल्या. वाटेत माधवीने तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा मी तिला खोल श्वास घ्यायला लावला.

दवाखान्याच्या दारातूनच मी ओरडलो, "हालचाल कमी झालीय!" हे ऐकल्यावर तिथे कुणी वाद घालत नाही. सिस्टरने माधवीला लगेच आत घेऊन आडवं केलं, पट्टे बांधले आणि तिच्या हातात एक बटण दिलं. "बाळ हललं की दाबायचं. कागदावर खूण उमटते." एवढं सांगून ती डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.

आता आठवलं की लाज वाटते, पण सांगतो. मी माधवीच्या हातातून ते बटण काढून घेतलं!

नियम म्हणजे नियम. मी बटणावर अंगठा ठेवला आणि तिच्या पोटावर नजर रोखून बसलो. ठोके येत होते, टपटप टपटप, पण पोट मला काही हलताना दिसेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कागद सरकत होता आणि त्यावर एकही खूण नव्हती. माझे कान गरम झाले. तेवढ्यात आई आली, पदरात बारशाच्या घुगऱ्या बांधून, आणि माझा चेहरा बघून देवाचं नाव घ्यायला लागली. ज्योत्स्नाबेनही आपल्या देवाचं घ्यायला लागल्या. मी दोघींच्या देवांना हात जोडले असते, पण एका हातात बटण होतं.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"ठोके तर झकास वर चढतायत मधून मधून. बाळ हललं की असेच चढतात. मग हालचालीची एकही खूण कशी नाही? माधवी, तुम्ही बटण दाबत नाही का?"

"बटण यांच्याकडे आहे," माधवी म्हणाली.

खोलीतल्या चार बायकांनी माझ्या अंगठ्याकडे बघितलं.

"बाळ यांच्या पोटात आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही मॅडम, पण..."

"माधवी, तुम्हाला काय वाटतंय? हालचाल कमी आहे?"

"कमी? सकाळपासून नुसता दंगा चाललाय! आत्तासुद्धा सात-आठ वेळा हललं." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दहा दिवस सगळे माझ्या पोटाला विचारतायत मॅडम. मला कुणीच विचारलं नाही."

हे ऐकून मी एवढासा झालो. शेवटी खरं तेच बोललो. "मागच्या वेळी मला काही कळलंच नव्हतं. मला फार भीती वाटते."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसल्या. "भीती वाटणारच. पण भीती वाटते म्हणून रोज मशीन लावलं तर ती वाढते. बाळ पोटातही झोपतं. झोपेत आलेख सपाट दिसतो. मग तुम्ही घाबरणार, मग आणखी तपासण्या, आणि एखादे वेळी गरज नसताना ऑपरेशनसुद्धा. जिथे धोका दिसतो तिथे हेच मशीन मी वारंवार लावते."

"पोटात झोपतं?" मी सगळं विसरून विचारलं. "किती वेळ?"

"वीस मिनिटं, कधी चाळीस."

"स्वप्नं पडतात?"

"नरू!" आई म्हणाली.

"आज आलात ते चांगलंच केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हालचाल कमी वाटली की यायचंच. फक्त ती कुणाला कमी वाटली पाहिजे, एवढं लक्षात ठेवा."

मी बटण माधवीला परत दिलं. तिने ते दाबलं आणि माझा हात ओढून पोटाच्या डाव्या बाजूला ठेवला. मी दहा दिवस उजवीकडे मोजत होतो! आतून अशी सणसणीत लाथ बसली की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ती मोजायची राहून गेली.

"आता तुमचा हात इकडे करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला, हवा भरली, काटा बघितला आणि पुन्हा एकदा बघितला. "माधवीला पुढच्या आठवड्यात आणा. तुम्ही मात्र रोज येऊन दाखवून जायचं."

"अच्छा हुआ आये!" ज्योत्स्नाबेन म्हणाल्या आणि थेपल्यांचा डबा उघडला.

बारा दिवसांनी, भर दुपारी, माधवी म्हणाली, "चला, वेळ झाली." मी एकही प्रश्न न विचारता रिक्षा आणली. दवाखान्यात दाराबाहेर पंधरा मिनिटं धीराने उभा राहिलो. सोळाव्या मिनिटाला सिस्टरने माझ्याकडे निरखून बघितलं, मला दंडाला धरून शेजारच्या खोलीत नेलं, आडवं केलं आणि बीपीचा पट्टा बांधला. लेकीचं पहिलं रडणं माधवीने ऐकलं, आईने ऐकलं, ज्योत्स्नाबेननी तर मोजलंही असेल. मी ऐकलं नाही. माझ्या मुलीच्या जन्माच्या क्षणाची माझ्याकडे एकच पक्की नोंद आहे, आणि ती माझी मलाच तोंडपाठ आहे: वरचं एकशे साठ, खालचं शंभर!