रिबीन बांधलेली मटकी

मुलीचा गृहपाठ मी खाल्ला. कांदा परतून, गोडा मसाला घालून, वरून ओलं खोबरं भुरभुरवून, ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ला. चांगला झाला होता.

एवढं सांगितलं की ऐकणारे हसत सुटतात आणि मग शाळेबद्दल मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून आधी शाळा.

माझी मुलगी दुसरीत आहे. बडोद्यातल्या ज्या शाळेत ती जाते तिथे शिकवत नाहीत, अनुभव देतात. फळ्याचा त्यांना इतका तिटकारा की फळ्यावर कागदी फुलपाखरं चिकटवून टाकली आहेत. हात धुण्याचाही एक तास असतो. त्या तासाला मुलं हात धुतात आणि मॅम फोटो काढतात. फोटोत फेस नीट दिसला नाही तर धुतलेले हात पुन्हा धुवायचे. डब्याचे रंग ठरलेले असतात. हिरव्या डब्याच्या दिवशी एका आईने इडलीच्या पिठात हिरवा रंग ढवळून दिला, तर तिच्या मुलासाठी वर्गाने टाळ्या वाजवल्या. आमच्या मुलीच्या डब्यात मेथीचा पराठा होता. तो जरा तपकिरी आहे, असं मॅमचं मत पडलं.

मी वाघोडियाला एका कारखान्यात माल तपासायला असतो. दुसऱ्याने केलेल्या वस्तूत खोट काढणं हे माझं काम, आणि घरी येऊनही ते मी हौसेने चालू ठेवतो. शिवाय आमचे पणजोबा संस्थानात कारकून होते. तेवढ्या भांडवलावर आमच्या घराण्यात चार पिढ्या सगळ्या जगाकडे खाली बघत आल्या आहेत. तेव्हा पालकांचा जो मोबाइलवरचा गट असतो, तो मी पहिल्याच आठवड्यात मुका करून टाकला. पारदर्शक पेला नेमका केवढा हवा आणि कापूस गुलाबी चालेल का, यावर शिकलेसवरलेले लोक तासन् तास चर्चा करतात. ती आपण वाचायची नाही, असं मी जाहीर केलं. बायको म्हणाली, ठीक आहे, मी वाचेन.

त्या आठवड्यात शाळेत आरोग्य सप्ताह होता. त्याचं एक कलम असं की, मुलांनी घरी कडधान्य भिजवून त्याला मोड आणायचे, रोज निरीक्षण करायचं आणि सोमवारी प्रदर्शनात ते ठेवून आपण काय पाहिलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. 'मुलांनी स्वतः करावे, पालकांनी फक्त मदत करावी' अशी खाली सूचना. या सूचनेचा अर्थ बडोद्यातल्या प्रत्येक आईबापाला पाठ आहे.

आमच्या मुलीला मात्र तो ठाऊक नव्हता. तिने पेला आणि कापूस नाकारला. आई फडक्यात बांधते, मीही फडक्यातच बांधणार, म्हणाली. स्वतः मटकी निवडली, भिजवली, माझ्या जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधली, आणि दोरी सापडेना म्हणून वर आपली लाल रिबीन गुंडाळली. ती पुरचुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला टांगली. येताजाता ती फडकं जरासं उघडून आत बघायची आणि परत बांधायची. हे सगळं घरात घडत होतं. मी त्याच घरात राहतो. पण मी गट मुका केला होता, आणि घराचाही आवाज थोडाफार बंदच ठेवला होता, असं म्हणावं लागेल.

रविवारी सकाळी सप्ताहाचं पुढचं कलम होतं. सहकुटुंब फिरायला जायचं आणि फोटो पाठवायचा. मी दुखरा गुडघा पुढे केला. दोघी कमाटीबागेत गेल्या. माणूस घरी बसून राहिला की त्याला काहीतरी उपयोगी पडावंसं वाटतं, ही माझी एक वाईट खोड आहे. मी स्वयंपाकघरात गेलो. खिडकीला पुरचुंडी होतीच. आमच्याकडे तिथे पुरचुंडी असतेच. माझ्या लहानपणापासून त्या जागी काही टांगलेलं दिसलं की ती मटकी आणि तिची उसळ, यात विचार करण्यासारखं कधी काही नव्हतं. लाल रिबीन मी पाहिली. बायकोची दोरी संपली असेल, असं वाटलं. सोडली आणि फोडणी केली.

दोघी परत आल्या. मुलगी चपला न काढता खिडकीपाशी गेली. मग कढईपाशी आली आणि टाचा उंचावून आत बघत राहिली. मी म्हटलं, खाऊन तर बघ. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि काय घडलंय ते मला हळूहळू कळायला लागलं.

"बाबा, त्यांना नाकं आली होती?" मुलीने विचारलं. मोडांना ती नाकं म्हणत होती.

"आली होती ना. चांगली लांब."

"वाकडी होती की सरळ?"

मी आठवून पाहिलं. दिवसभर मी हातात भिंग घेऊन केसाएवढ्या चिरा शोधत असतो. पण ते फडकं सोडलं, मटकी कढईत ओतली, आणि बघितलं काहीच नव्हतं.

"तू बघितलंच नाहीस?" ती म्हणाली. रागाने नाही. एवढी लांबसडक नाकं समोर असताना एखादा माणूस न बघता कसा राहू शकतो, हे तिला खरोखर समजत नव्हतं.

ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. काल रात्रीपर्यंत नुसती सालं फाटली होती, असं ती आईला सांगत होती. नाक बाहेर येताना तिला बघायचं होतं, आणि उद्या सगळ्यांसमोर तेच सांगायचं होतं. आता शेवटचं सांगायला तिच्यापाशी काही नव्हतं.

मी गुडघा विसरून स्कूटर काढली आणि अलकापुरीतल्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे थंड कपाटात मोड आलेल्या कडधान्याची पाकिटं असतात. तो कप्पा रिकामा होता. मुलीच्याच वर्गातले एक वडील गल्ल्यापाशी उभे होते, आणि सगळी पाकिटं त्यांच्या टोपलीत होती. मला पाहून त्यांनी ओळखीचं हसू दिलं. "लेट थई गया तमे," म्हणाले, आणि एक पाकीट उदारपणे माझ्या हातात ठेवलं. "लई जाओ ने. आपणे बधा सरखा." आपण सगळे सारखेच. त्यांना मी मनातल्या मनात जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाकीट मात्र घेतलं.

मुलीने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "हे मूग आहेत," म्हणाली आणि परत दिलं. माल तपासणीत मी एवढ्या झटपट कधी कुणाला नापास केलेलं नाही.

सोमवारी पालकांनाही बोलावलं होतं. मुलीने डब्यात उरलेली उसळ, धुतलेलं फडकं आणि रिबीन घेतली. बायकोने डब्याचं झाकण घट्ट लावून दिलं. बायकोला बँकेत जायचं होतं, त्यामुळे मी एकटाच गेलो. एकटा म्हणजे माझ्या ऑफिसच्या पिशवीत एक पारदर्शक पेला होता, त्यात कापूस, कापसावर पाकिटातले मूग. सकाळी दाढी करायच्या आधी लावले होते. म्हटलं, असावेत.

प्रदर्शनात अलकापुरीवाल्या गृहस्थांची काचेची बाग मध्यभागी होती. काचेच्या पेट्यांची रांग, प्रत्येकीवर दिवसाची चिठ्ठी. पहिल्या दिवसाच्या पेटीत आखूड कोंब, शेवटच्या दिवसाच्या पेटीत लांब. सगळे कालच्याच पाकिटांतले, निवडून लावलेले. आमच्या कारखान्यात असा प्रकार सापडला तर माणसाला घरी पाठवतात. त्यांच्या मुलाला कुणीतरी विचारलं, यात काय पेरलंय? त्याने बापाकडे पाहिलं. बापाने ओठ हलवले. मुलगा म्हणाला, बीन्स. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या एका टेबलावर शेतकऱ्याचा पोशाख केलेला मुलगा घामाने डबडबून उभा होता आणि त्याची आई त्याच्या मिशा पुन्हा पुन्हा चिकटवत होती. मोड कुठे आहेत असं मॅमनी विचारल्यावर आई म्हणाली, अय्या, ते गाडीतच राहिले.

मग मॅम आमच्या टेबलाशी आल्या. फडकं, रिबीन, डबा. पेला कुठे आहे, त्यांनी गोड आवाजात विचारलं. आवाज इतका गोड की मी घाबरलो आणि पिशवीतून पेला काढून टेबलावर ठेवला.

"ते माझं नाही," मुलगी म्हणाली. "ते बाबांचं आहे."

आजूबाजूचे चार-पाच बाप एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"माझी मटकी बाबांनी खाल्ली," ती पुढे बोलू लागली. "आधी ती दगडासारखी होती. मग फुगली. मग तिला वास यायला लागला, ओल्या चादरीसारखा. मग साल फाटलं. नाक येताना मी बघितलं नाही. बाबांना पण माहीत नाही. फडक्याला डाग पडलेत, ते तिचे आहेत." तिने फडकं पसरून डाग दाखवले आणि डबा उघडला.

सगळ्या दालनात त्या दिवशी तेवढंच खरं होतं, आणि मुलांना ते बरोबर कळलं. काचेची बाग सोडून ती आमच्या टेबलाभोवती गोळा झाली. डाग हुंगून पाहिले, मग बोटांनी उसळ खायला लागली. शेतकऱ्याची मिशी उसळीत पडली. मॅम धावत आल्या. यात तेल आहे, आरोग्य सप्ताहात तेल चालत नाही, म्हणत त्यांनी डब्याला झाकण लावलं. डबा तोवर रिकामा झाला होता. सकाळी दोनदा धुतलेले हात मुलांनी चाटून स्वच्छ केले.

बक्षीस काचेच्या बागेला मिळालं. बाकीच्यांसाठी 'छान प्रयत्न' असं लिहिलेलं सोनेरी चांदणीचं स्टिकर होतं. आमच्या टेबलावर पारदर्शक वस्तू एकच होती, त्यामुळे मॅमनी ते माझ्या पेल्यावर चिकटवलं.

संध्याकाळी बायको घरी आल्यावर मी सगळं तिला ऐकवलं. काचेची बाग, मिशा, चिठ्ठ्या, हात धुण्याचा तास. ही शाळा नाही, हा फोटो स्टुडिओ आहे. मुलगी काढून घेऊ. आमच्या वेळी निदान छडीने खरंखुरं लागायचं तरी. ती भाजी निवडत ऐकत होती. माझा दम संपेपर्यंत तिने वाट पाहिली.

मग म्हणाली, "ते लोक मुलांचा गृहपाठ करतात, तुम्ही खाता. तेव्हा आता पुरे. तिने पुन्हा मटकी बांधून टांगली आहे. मी म्हटलं, प्रदर्शन तर झालं. तर म्हणते, म्हणून तर आता नीट बघता येईल. तुमच्यासाठी मी वेगळी बांधली आहे, शेजारच्या गजाला. जिला रिबीन नाही, ती तुमची."