माझा कान आणि त्याचा डबा

ऐंशीच्या आगेमागे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात माझ्या कानाचा भयंकर दरारा होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक स्टीम ट्रॅपवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "हा गेला."

ट्रॅप म्हणजे वाफेच्या लाइनीवरचा दरवान. वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडायचं, वाफ आत अडवायची. झिजला की वाफही सोडतो आणि बॉयलर फुकटचं तेल पितो. इथं बसून मला घणसोलीतली शिंक ऐकू येते, ही अफवा मीच पसरवली होती.

यंत्रांच्या त्या धडधडीत मला कपाळ ऐकू यायचं! मी डबे बघायचो. कामगार जेवणाचे डबे ट्रॅपपुढच्या नळीवर ठेवत. ट्रॅप बिघडला की नळी कढत, नळी कढत की डब्यांची गर्दी.

एकदा तेल फारच जळू लागलं. कोणीतरी मुद्दाम वाफ सोडतंय, असं साहेबांच्या डोक्यात बसलं. लांबच्या कोपऱ्यातला एक ट्रॅप भसाभसा ओकताना सापडला. पुढच्या नळीवर एकच डबा. दिघ्याहून चालत येणाऱ्या हंगामी हेल्परचा. पुढच्या महिन्यात तो कायम व्हायचा होता.

"घ्या, गरम जेवणारे जहागीरदार!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही.

"डबाच ठिवत व्हतो साहेब, हात न्हाई लावला," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मिस्तरी, तुमी तरी सांगा. आपोआप बिघडतो का न्हाई ह्यो?"

आपोआपच बिघडतो. पण तसं म्हटलं तर साहेब विचारणार, मग तुमच्या कानाला आधी कसं कळलं नाही? मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले.

"कोणीतरी ढिला केलेला वाटतो."

"वाटतो की केलाय?"

"केलाय."

त्याला तिथूनच गेटबाहेर काढलं. दुसऱ्या दिवसापासून घाबरून सगळे गार जेवू लागले. नळ्यांवर एकही डबा दिसेना. माझा कान ठार बहिरा!

त्याचा डबा मात्र तिथंच राहिला होता. मी तो घासला, त्यात माझी आमटी ओतली आणि रोज नळीनळीवर ठेवून बघू लागलो. उकळी फुटली की डोळे मिटून, "हा गेला." तेल वाचलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात हार घातला.

आठवड्याने तो गेटवर आला. नोकरी नाही, निदान डबा तरी द्या म्हणत होता.

मी वॉचमनला सांगितलं, "असा डबा इथं कोणी पाहिला नाही म्हणावं."

आणि घाईने परत फिरलो. आमटी उतू चालली होती.