मिशी आणि मास्क

पत्रकं वाटून मोठी झालेली मुलगी आहे मी. करणी, भानामती, अंगात येणं, या सगळ्याविरुद्ध भर चौकात माइक धरून बोललेय. तेव्हा 'आली आणखी एक भूतवाली' असं समजू नका. भूत नाहीच यात. असतं तर बरं झालं असतं... खोडून तरी काढलं असतं.

घर कसबा बावड्यात. पप्पा दुधाचा टँकर चालवतात. झोपेत त्यांचा श्वास थांबतो. घोरणं एकदम बंद, मग गुदमरून उठणं. उन्हाळ्यात दिवसाढवळ्या डुलकी लागली आणि टँकर रस्ता सोडून उसात शिरला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, नाकातून हवा ढकलणारं मशीन लावून झोपा, नाहीतर एक दिवस उठणारच नाही.

मशीन आणलं. पण मास्क! नुसत्या नाकाचा लावला की तोंड उघडं पडून हवा बाहेर. नाक-तोंड झाकणारा लावला की कडेनं सूं सूं गळती, ती थेट डोळ्यांत. पट्टे आवळले तर गालावर वळ. शेवटी मशीन कॉटखाली गेलं.

म्हणून मागच्या महिन्यात त्यांना ओढतच शाहूपुरीतल्या मास्कच्या दुकानात नेलं. तिथल्या शबाना मॅडमनी त्यांना आडवं झोपवून एकेक मास्क लावून बघितला. मऊ जेलचा, कापडी, सगळे. मग म्हणाल्या, "काका, मास्कचा दोष न्हाय. मिशी काढली तर ह्योच बसंल."

"मॅडम, बाप जिवंत हाय माझा," पप्पा म्हणाले.

मॅडमनी मास्क परत खोक्यात ठेवला. आमच्याकडं बाप गेल्यावरच मिशी उतरवतात. तो असताना काढणं म्हणजे त्याचं मरण मागणं. मला संताप आला. हे मास्क बनवणाऱ्यांनी मिशीवाला माणूस कधी बघितलाच नाही का? आणि पप्पांचा राग तर मला त्याहून जास्त आला. बावड्यापर्यंत रिक्षात भांडले. ते एवढंच म्हणाले की तुझी पत्रकं तुझ्यापाशी, मी मेलो तर चालंल, पण आबांच्या जिवावर उठणार न्हाय.

घरी आलो. आई उंबऱ्यात लसूण सोलत बसलेली. आत आबा, म्हणजे माझे आजोबा, नव्वदीचे, कॉटवर बसून होते. त्यांची पांढरी झुपकेदार मिशी नव्हती.

ओठ गुळगुळीत. कुठं कापलेलं नाही, उशीवर केस नाही. जेवणानंतर आईनं ताक पाजून तीच मिशी पदरानं पुसली होती. तेव्हापासून आई दारातून हललेली नाही आणि आत जायला दुसरं दार नाही. आबांचे हात असे थरथरतात की कप धरवत नाही, रेझर कुठला धरणार?

पप्पा जागीच थिजले. आबा म्हणाले, "बघतोस काय? बापालाच मिशी न्हाय, तर पोरानं कुणासाठी राखायची? काढ ती."

मशीनची सूं सूं त्यांनी ऐकली असेल, मान्य. पण मिशी आडवी येते हे आम्हालाच तासाभरापूर्वी कळलेलं. फोन कुणी केला नव्हता. मी आईची उलटतपासणी घेतली, तर ती चिडून माझ्याशी बोलेना. न्हावी म्हणाला, त्या दिवशी मी सासुरवाडीला गेलतो. शेवटी आबांनाच धरलं.

"मी झोपलो हुतो की," ते म्हणाले. "उठलो तर ओठाला गार लागलं. तूच शोध आता, शिकलीयास न्हवं?"

शोधलं. काही सापडलं नाही. आबा ठणठणीत आहेत, भाकरी कुस्करून मागतात. चमत्कार म्हणाल तर मी भांडेन. पण ती मिशी कुणी उतरवली, ते आजही मला सांगता येत नाही.

पप्पांनी त्याच संध्याकाळी स्वतःची काढली. मास्क बसला. हे लिहितेय तेव्हा ते आत झोपलेत, घोरण्याचा आवाज नाही. सवय नाही ना अजून... म्हणून मधेच उठून छाती हलतेय का बघून आले. हलतेय.