अण्णाचा कान

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आनेकलच्या शेतात गुलाबाच्या जुड्या बांधत होते. उरलेल्या जुड्या बांधून झाल्यावरच मी हात धुतले. सख्खा मोठा भाऊ गेला तरी डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि आता इतके आठवडे झाले तरी आलेलं नाही. शोकसभेत एकामागून एक माणसं उठून त्याच्या कानाबद्दल बोलली. फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, गाडीचा कसलाही आवाज असो, अण्णा शेजारच्या सीटवर बसून दोन वळणं फिरला की दुखणं सांगायचा, दैवी देणगी होती वगैरे. शेवटी कुणीतरी मला म्हणालं, ‘‘तुम्ही बहीण, तुम्ही लिहा त्यांच्यावर.’’ सरी, ठीक आहे, लिहिते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं म्हणतात, पण चांगलं बोलणारे पुष्कळ होऊन गेले आहेत.

त्याचा कान तयार होता हे मी नाकारत नाही. वडिलांचं चिकपेटमधलं कापडाचं दुकान त्याला नको होतं. पीण्या या कारखान्यांच्या भागात शेड घेऊन त्याने जीप आणि तसल्या गाड्यांचं गॅरेज काढलं आणि नाव कमावलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की घोंगावतं आणि सोडला की थांबतं, म्हणजे मागचा डिफरन्शियल बघायचा. डावीकडे वळताना घरघर वाढते, म्हणजे उजव्या चाकाचं बेअरिंग. पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये टाकताना ‘कट्’ होतं, म्हणजे शाफ्टचा क्रॉस, इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या त्या लांब नळीच्या टोकाला असतो तो लोखंडी चौफुलीसारखा सांधा. हे सगळं मी त्याच्याच तोंडून ऐकलेलं. पण त्याने ते मला शिकवलं नव्हतं; गिऱ्हाइकांना सुनावत असायचा, ते मी ऐकायची. गिऱ्हाईक सांगायला लागलं की तो म्हणे, ‘‘गाडी तुम्ही चालवता, ऐकतो मी.’’ बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. चुकला तर गिऱ्हाइकाने गाडी नीट चालवली नाही, असं ठरायचं. त्याच्या शेडमध्ये अण्णा चुकला असं कधी झालंच नाही...

आमची जीप जुनी. शेतातून तळ्याकडे उतरणारी वाट चिखलाची आणि उभ्या चढाची, तिथे दुसरी गाडी चालत नाही. एकदा ती हळू चालवताना खालून चिमणीसारखी चिवचिव यायला लागली. वेग वाढवला की चिवचिवही वाढायची. काही दिवसांनी चिवचिव थांबली आणि गिअर टाकताना धक्का बसायला लागला. मी जीप पीण्याला नेली. सगळ्या कामगारांसमोर मी अण्णाला म्हटलं, ‘‘क्रॉस सुकला असावा असं वाटतं.’’

तो हसला. ‘‘सुलू, स्वल्प गप्प बसतेस? फुलं विकायची सोडून क्रॉस कधीपासून कळायला लागला तुला?’’ एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, ‘‘टायरचा आवाज आहे. आणि बाकीचा तुझ्या डोक्यात.’’ कामगारही हसले. हसणं भागच होतं त्यांना.

मी घरी येऊन मोहनला, माझ्या नवऱ्याला, म्हटलं की दुसरीकडे दाखवू. तो म्हणाला, ‘‘अगं, अण्णाचा कान आहे तो. चुकणार नाही.’’ पुढच्याच महिन्यात मोहन शेणखत भरून तळ्याकडून वर येत होता. अर्ध्या चढावर क्रॉस तुटला. सुटलेला शाफ्ट खाली आपटत राहिला आणि त्याने ब्रेकचा पाइप तोडला. जीप भरल्या वजनानिशी मागे आली आणि चरात कलंडली. मोहनचा पाय तिच्याखाली सापडला. माणसं गोळा होऊन जीप उचलेपर्यंत तो ज्या आवाजात ओरडत होता, तो मी विसरलेली नाही. गुडघा आजही वाकत नाही.

अण्णा हॉस्पिटलमध्ये आला. कॉरिडॉरमध्ये सगळे नातेवाईक उभे होते. मोहनला बघायच्या आधी तो त्यांच्याकडे वळला आणि म्हणाला, ‘‘हिने फोर-व्हील लावून डांबरी रस्त्यावर पळवली असणार. मग शाफ्ट पिळवटून तुटणारच.’’ मी तुटलेला क्रॉस पिशवीतून नेला होता. आत ग्रीसचा थेंब नव्हता, नुसता तांबडा भुगा. मी तो त्याच्यासमोर धरला. ‘‘बघू,’’ म्हणाला, हातात घेतला, न बघताच खिशात टाकला आणि आत गेला. तो तुकडा मला पुन्हा कधी दिसला नाही. नातेवाइकांत अजूनही बोललं जातं की सुलूने गाडी चुकीची चालवली आणि नवऱ्याला अधू केलं.

त्यानंतर लग्नकार्यात समोर आला तरी मी त्याच्याशी बोलले नाही. जीप दुरुस्त झाली. तिच्याखाली मी स्वतः शिरू लागले. चाकं उचलून शाफ्ट हाताने फिरवायचा, कुठे अडतो, कुठे खुळखुळतो ते बघायचं. यात दैवी काही नाही. कुणालाही जमेल.

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. ‘‘ह्यांची जीप उभी आहे गं. एकदा फिरवून दे.’’ मी गेले ती वहिनींसाठी. घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये चिखल होता, त्यात मागची चाकं फिरत राहिली. फोर-व्हीलचा दांडा ओढला तरी पुढची चाकं ढिम्म. खाली वाकून बघितलं तर पुढचा शाफ्टच नव्हता! शहरभर फोर-व्हीलचा वैद्य म्हणून मिरवणाऱ्याची स्वतःची गाडी दोनच चाकांवर चालत होती.

‘‘आवाज यायचा,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘ह्यांना सापडेना. गुडघे गेलेले, गाडीखाली झोपवत नव्हतं आणि गॅरेजातल्या पोरांना सांगायची लाज. पलीकडच्या एका मेकॅनिककडून काढून घेतला. म्हणाले, आता बंद झाला आवाज.’’

शाफ्ट घरामागच्या छपरात गोणपाटाखाली पडला होता. क्रॉस हाताने हलवला तर हलेना, सुकून जाम झालेला. कोणी म्हणेल, इथे तरी तुला त्याची कीव यायला हवी होती. नाही आली. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याची आलीही असती, पण मला कॉरिडॉरमधला तो आठवत होता.

नवा क्रॉस आणून शाफ्ट मीच बसवला. वहिनींना शेजारी बसवून पीण्याच्या आतल्या रस्त्यांवर निघाले. वाटेत वहिनींनी काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. जन्मभर त्या अण्णाशेजारी अशाच बसत आल्या होत्या.

‘‘काय वहिनी?’’

‘‘काही नाही गं. मला काय कळतंय...’’

मी जीप कडेला घेतली. ‘‘सांगा.’’

‘‘पुढून येतंय. माझ्या बाजूने. उजवीकडे वळलीस की घरघरतं.’’

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी पुन्हा निघाले, पुढच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळवली आणि काच खाली केली. डावं बेअरिंग. अगदी स्पष्ट.

‘‘कधीपासून येतंय हे?’’ मी विचारलं.

वहिनी समोर बघत म्हणाल्या, ‘‘शाफ्ट काढायच्या आधीपासून.’’